घाण पाण्याचे जावई

नांदेडपासून लातूरपर्यंत घाण पाण्यावर माझ्या साडूभाऊंइतकं प्रेम करणारा माणूस झाला नाही, आणि त्या घाण पाण्याच्या जोरावर सासुरवाडीत इतका मान मिळवलेला माणूस तर नाहीच नाही. मी लातूरला रसायनशास्त्राचा क्लास घेतो. चौकात माझा फोटो लागतो, पोरं पाया पडतात. पण हदगावला सासूबाईंच्या घरी मी नुसता 'धाकला जावई'. थोरले जावई म्हणजे हे, नांदेडच्या सांडपाणी केंद्रावरचे ऑपरेटर!

लग्नकार्यात लोक पंगत बघतात, साडूभाऊ खरकटं पाणी कुठं जातं ते बघतात. एकदा अक्षता पडत असताना हे मांडवामागं मोरीपाशी उकिडवे बसून म्हणतात, "सर, एवढ्या पाण्यात केळीचा बाग उठंल की हो!" सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जंतूंविषयी तर ते गोठ्यातल्या जनावरांसारखं बोलतात: आज नीट खाल्लं न्हाई, काल हवा कमी पडली, लई हाल झाले. दिवाळीला मी सासूबाईंना इरकल लुगडं नेलं, यांनी गाळ वाळवून केलेलं खत, पिशवीला रिबीन बांधून. इरकल कपाटात गेलं. खत आल्यागेल्याला दाखवलं गेलं. "थोरल्याच्या हाताला गुण हाय," सासूबाई म्हणाल्या. मी चहा न संपवताच उठलो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्याकडं नळाला पाणी दहा-बारा दिवसांनी यायला लागलं. बायको म्हणाली, "दाजींना विचारा की, धुण्याभांड्याचं पाणी शुद्ध करून झाडांना, संडासाला वापरता येतं म्हणे." मी म्हणालो, "एम.एस्सी. कोण आहे, दाजी का मी?" ती आठ दिवसांसाठी माहेरी गेली आणि मी कामाला लागलो. दोन ड्रम, खडी, वाळू, कोळसा, माशांच्या टाकीला लावतात तसला हवेचा पंप. पाचव्या दिवशी असा वास सुटला की शेजारचे टेलरचाचा नाकाला रुमाल लावून आले. "सर, अंदर कुछ मर गया क्या?" मरायची वेळ माझी होती. बायको यायला तीन दिवस उरले होते. दार लावून घेतलं आणि साडूभाऊंना फोन केला.

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं आले. मांडीवर केंद्रावरच्या गाळाचा कॅन, तोंडाला झाकणाऐवजी फडकं, कारण झाकण लावलं तर आतले जंतू गुदमरतात. "कंडक्टर उतरा म्हनत होता. मी म्हनलं, इरजण हाय बाबा, पाव्हन्याकडं दही लागंना." मग त्यांनी ड्रममध्ये डोकावून वास घेतला आणि हळूच विचारलं, "सर, यात फिनेल टाकलं का तुम्ही?"

टाकलं होतं. वास जावा म्हणून, दोन बाटल्या.

"मंग बिचारे जगतील कसे?" एवढंच म्हणाले. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खडी धुतली, ड्रम घासले, पंपाची नळी बदलली, कॅनमधला तपकिरी गाळ ओतला आणि दोन दिवस स्टुलावर बसून बुडबुडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या ड्रममधून बऱ्यापैकी निवळ पाणी आलं आणि तेवढ्यात बायकोही आली.

"दाजी, तुम्ही केलं ना हे?"

"छ्या! मी तर बघाया आलो. समदं सरांनी केलं."

पुढच्या महिन्यात सासूबाईंनी चारचौघांत माझं कौतुक केलं. "धाकलाबी काही कमी न्हाई!" सगळ्यांत जोरात मान डोलवत होते साडूभाऊ. कित्येक वर्षं ज्यासाठी जळलो ते ताटात वाढून आलं होतं, आणि ताट साडूभाऊंचं होतं. खरं सांगायला मी तोंडही उघडलं. पण सासूबाईंनी पुरणपोळी वाढली आणि मी "बस, बस" एवढंच म्हणालो.

यंदा ते निवृत्त झाले. अजून महिन्याला फोन येतो: "सर, तुमचे जंतू कसे हायेत?" कधीतरी टोमणा मारतील, बायकांसमोर सुचवतील, म्हणून मी वाट बघतो. ते मारत नाहीत. असं श्रेय देऊन टाकणं माझ्या हातून झालं नसतं, म्हणून त्यांचा हेवा अजून तसाच आहे. आणि दर फोनला "साडूभाऊ, तुमचेच आहेत ते" असं म्हणायचं ठरवून मी म्हणतो, "मजेत आहेत."