बटणकाकांचा कोरा तळहात

रविवारच्या पुरवणीत मागच्या पानावर, शब्दकोड्याच्या शेजारी, एकतीस वर्षं एक सदर यायचं. पाळणे, चक्रं, भुताची घरं, रोलर कोस्टर, जिथे म्हणून माणसं पदरचे पैसे देऊन स्वतःची भंबेरी उडवून घेतात, तिथे सदरवाला स्वतः बसायचा आणि आपली किती उडाली ते प्रामाणिकपणे लिहायचा. एरवी हा गृहस्थ त्याच वर्तमानपत्राच्या कचेरीत प्रुफं तपासायचा. वेलांटी चुकली तर रात्रभर झोप यायची नाही, असा सरळमार्गी. जिना उतरताना कठडा धरायचा. रस्ता ओलांडताना दोनदा उजवीकडे बघायचा. असा माणूस आठवड्यातून एकदा आकाशात उलटा लटकतो हे त्याच्या शेजाऱ्यांनाही बरीच वर्षं खरं वाटलं नव्हतं.

त्याला सगळे बटणकाका म्हणायचे. का, ते सांगितलंच पाहिजे. अगदी पहिल्या राइडच्या वेळी घाबरून त्याने कोटाचं बटण ओढलं, ते तुटून डाव्या मुठीत राहिलं. खाली उतरून मूठ उघडली तर तळहातावर बटणाचा लालबुंद ठसा, चारही भोकांसकट. झालं, काकांना मोजपट्टी सापडली! तेव्हापासून प्रत्येक राइडला तेच बटण डाव्या मुठीत, उजवा हात समोरच्या दांड्यावर, आणि उतरल्यावर तळहाताचं वाचन. चारही भोकं उमटली तर जन्मात एकदा तरी बसा. दोन उमटली तर पोरं खूश होतील. नुसती कड उमटली तर घरी पंख्याखाली पडून राहा. ही भाषा गावभर झाली. कचेरीत साहेबाने आत बोलावलं की बाहेर आलेल्याला लोक हळूच विचारायचे, "किती भोकं?"

आणि जोडा तरी कसा जमावा! काकांच्या घरच्या बाई टपाल कचेरीत तेहतीस वर्षं तिकिटांवर शिक्के मारून निवृत्त झालेल्या. त्या शिक्केकाकू. राइडला प्रत्येक वेळी सोबत यायच्या, कुंपणाबाहेर पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या, पण पाळण्यात कधी पाय ठेवला नाही. कोणी आग्रह केलाच तर म्हणायच्या, "मला जीव टांगणीला लावायला राइड कशाला? लग्न केलंय ना."

तर ही मजा एकतीस वर्षं चालली, आणि यंदा काय झालं कोण जाणे, काकांचा तळहात कोरा निघायला लागला.

पहिल्यांदा एका उलट्या जहाजावरून उतरले, मूठ उघडली, काही नाही. कडसुद्धा नाही. काकांनी लिहिलं, शून्य. मग एका आठ हातांच्या चक्रावर, शून्य. ते चक्र चालवणाऱ्या दोघी बहिणींकडे दुसऱ्या रविवारपासून कोणी फिरकेना. महिन्याभरात चक्रावर ताडपत्री पडली. मग एका भुताच्या घरालाही शून्य. वाचकांची पत्रं आली, म्हाताऱ्याला घरी बसवा. पुरवणीच्या संपादकबाई, काकांना मुलगी असती तर तिच्याच वयाच्या, त्यांनी बोलावून घेतलं.

"काका, नवी राइड उघडतेय. 'बैरंग'. सगळं शहर त्याच्याच गप्पा मारतंय. तुम्ही जा. पण हेही शून्य असेल ना, तर मग मी तरी वर काय सांगू? सदर बंद करा म्हणतील."

"म्हणजे चार भोकं लिहून टाकू?"

"मी तसं म्हटलं का? मी म्हणतेय, घाबरा. प्लीज."

आता माणसाला घाबर म्हणून हुकूम सोडला की काय होतं ते तुम्हीच बघा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी निमंत्रितांसाठी राइड चालणार होती. मजकूर पाच वाजता हवा. काका आणि काकू बाराच्या ठोक्याला हजर. दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, मान, पाठ, हृदय, पक्षाघात यांचा त्रास असणाऱ्यांनी बसू नये. प्रुफं तपासणाऱ्या माणसाने ती पाटी एकदाही न वाचता ओलांडली.

देखावा मात्र खासा होता, नाही म्हणायची सोयच नाही. तिकीट न लावलेलं पाकीट म्हणजे बैरंग, तेच तुम्ही. रांग जाते ती जुन्या टपाल कचेरीतून. भिंतभर लाकडी खण, त्यांतून वाकून बघणारी पत्रं, लाखेचा वास, पितळी काट्यावर प्रत्येकाचं वजन. मनगटाला सुतळीने एक चिठ्ठी बांधतात, त्यावर तुमच्याच घरचा पत्ता. गाडीत बसलात की छतातून भला थोरला शिक्का धाडकन खाली येतो आणि डोक्यावर चार बोटं उरली असताना थांबतो. पुढे अंधाऱ्या विहिरीतून, लोंबणाऱ्या टपालपिशव्यांना घासत, गाडी वर चढते. वर उजेडाची एक फट, पत्रपेटीचं तोंड. तिथून गाडी जी खाली जाते ती सरळ एका गल्लीत. दारामागून दारं उघडतात आणि प्रत्येक दारातला माणूस मान हलवतो, इथला नाही. शेवटचं दार हुबेहूब आपल्या घरासारखं वाटतं, आणि ते तोंडावर बंद होतं. मग एक थकलेला आवाज, "पत्ता सापडला नाही." गाडी परत.

काकूंनी कुंपणातूनच चूक काढली. "अहो, त्या शिक्क्यावर उद्याची तारीख आहे! आज मारताहेत आणि तारीख उद्याची? आमचे पोस्टमास्तर असते तर चौकशी लागली असती."

"लिहितो," काका म्हणाले आणि पहिल्यांदा बसले.

उतरले. मूठ उघडली. कोरा.

दुसऱ्यांदा सगळ्यात पुढे बसले. कोरा. तिसऱ्यांदा सगळ्यात मागे, जिथे गाडी चाबकासारखी ओढली जाते. पडताना जीभ चावली गेली, तोंडात खारट चव आली. कोरा. राइडवरचा माणूस म्हणाला, "काका, पुरे. चेहरा बघा आरशात, पांढरा फटक पडलाय."

"पित्त आहे," काका म्हणाले आणि चौथ्यांदा बसले.

मौज बघा. पोट ओरडून सांगत होतं, मेलो. गुडघे लटलटत होते. पण एकतीस वर्षं तळहाताचंच ऐकलेला माणूस, त्याने पोटाला खोटं पाडलं, गुडघ्यांना खोटं पाडलं. तळहात कोरा म्हणजे भीती नाही. आणि भीती नाही म्हणजे राइड तरी भिकार, नाहीतर आपणच आतून विझलेले. राइड भिकार नाही हे त्यांना दिसत होतं. शेजारी बसलेली धिप्पाड माणसं आईला हाका मारत होती.

साडेतीन वाजले. काका स्वच्छतागृहात गेले आणि कडी लावली. आत काय झालं ते काकूंनाच नंतर कळलं, आणि काकूंकडून मला. बेसिनच्या कडेवर बटण ठेवलं, त्यावर डावा तळहात ठेवला, आणि वरून उजव्या हाताने, अख्ख्या देहाचं वजन टाकून दाबलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट. हात उचलला तेव्हा चारही भोकं स्पष्ट.

बाहेर येऊन बाकावर काकूंशेजारी बसले आणि तळहात पुढे केला. "ही बघ. चार."

काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. काकांचा हात मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवला. तेहतीस वर्षं त्यांनी हेच केलेलं.

"हा हातानं मारलेला शिक्का आहे," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच काय बोलतेस!"

"एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ. वरून जोर दिला की असं होतं. मुठीतलं बटण बोटांच्या मुळाशी उमटतं. हे मनगटापाशी कसं आलं? चालत?"

काकांनी हात मागे घेतला.

"अहो, मी खोटे शिक्के धरून दिलेत. मला शिकवू नका."

आणि मग तो साठीचा माणूस, समोरून किंचाळ्यांनी भरलेली गाडी जात असताना, मान खाली घालून म्हणाला, "मला भीतीच वाटेनाशी झालीय गं. मी चार वेळा बसलो. काही म्हणजे काही उमटत नाही. आता मी लिहू काय?"

"पोटात काही झालं?"

"झालं. पण ते पित्त."

"आणि ओठाला रक्त कसलं?"

"जीभ चावली."

"भीती न वाटता?"

काकूंनी उत्तराची वाट पाहिली नाही. आपली दोन बोटं काकांच्या डाव्या मुठीत सरकवली. "दाबा."

"हे काय आता?"

"दाबा म्हणते ना."

"दाबतोय की."

"जोरात."

"दाबतोय."

"अहो, दाबा हो."

"अगं दाबतोय! दुखेल तुला!"

काकूंची बोटं त्या मुठीत अशी होती जशी म्यानात सैल सुरी. बाहेर काढली तर सहज निघाली. दोघंही त्या हाताकडे बघत राहिले, जणू तो बाकावर कोणीतरी विसरून गेलंय.

"कधीपासून?"

"थंडीत एका सकाळी मुंग्या आल्या होत्या. वाटलं, अंगाखाली आला असेल."

"म्हणून पेपर टेबलावर पसरून वाचताय तुम्ही! आणि मी चष्म्याचा नंबर वाढला म्हणून तुमच्या मागे लागलेली." एवढं बोलून काकूंनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

काकांना मात्र हाताआधी दुसरंच आठवलं. "ते जहाज," ते म्हणाले. "ते भुताचं घर. आणि त्या दोघी बहिणी... चांगलं चक्र होतं गं ते. मला आठवतंय, मी वर असताना देवाचं नाव घेतलं होतं. उतरलो आणि शून्य लिहिलं."

चार वाजून गेले. काकू उठल्या. पिशवी काकांच्या मांडीवर ठेवली आणि हात पुढे केला. "बटण द्या."

"तू? तू बसणार?"

"तुम्ही आता बसायचं नाही. डॉक्टरला मी सकाळी फोन करते. पण पाच वाजता काहीतरी द्यायचंय ना? माझा हात धड आहे. तेहतीस वर्षं शिक्के मारलेत त्याने. द्या."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा काका कुंपणाच्या या बाजूला उभे राहिले. काकू वजनकाट्यावर चढल्या, मनगटाला चिठ्ठी बांधून घेतली, शिक्का खाली आला तेव्हा त्यांनी मान वर करून तारीख पुन्हा तपासली. गाडी विहिरीत शिरली आणि दिसेनाशी झाली. काका मोजायला लागले. चढाला एकोणचाळीस सेकंद लागतात हे त्यांना चार खेपांनी पाठ झालं होतं. तिसाला त्यांच्या लक्षात आलं की काकूंच्या गुडघ्याचं विचारायचं राहिलं. पस्तिसाला वाटलं, दांडा नीट लागला असेल ना? आपल्यामागे हिच्याशिवाय कोणी नाही, आणि पुढेही हीच. चाळीस झाले, गाडी येईना. त्रेचाळीस. मग उंचावरच्या त्या फटीतून गाडीचं तोंड बाहेर आलं, पुढच्या रांगेत पांढरं डोकं, आणि सगळ्या जगासकट ते डोकं खाली पडलं.

परत आलेल्या काकू चालत बाकापर्यंत आल्या आणि बसल्या. केसांची पिन गायब.

"मूठ उघड," काका म्हणाले.

मूठ रिकामी होती.

"बटण?"

काकूंनी मान हलवली. दोन मिनिटांनी कसंबसं म्हणाल्या, "सगळ्यांनी हात वर केले. मीही केले."

एवढंच. पुढे बोलेनात. एकतीस वर्षांची मोजपट्टी कुठल्याशा प्लास्टरच्या गल्लीत, प्लास्टरच्या दारासमोर जाऊन पडलेली. काकांनी वही काढायला उजवा हात वळवला तेव्हा दिसलं, त्या तळहातावर कुंपणाच्या जाळीचे चौकोन उमटले होते, इतके खोल की एका ठिकाणी कातडी फाटली होती.

मजकूर त्यांनी बाकावरच लिहिला, वहीची कड गुडघ्याखाली दाबून. देखावा उत्तम, शिक्क्यावरची तारीख दुरुस्त करावी. वळणं गुळगुळीत, मागची जागा कणखर माणसांनीच घ्यावी. मग लिहिलं, यंदा या सदरात तीन राइडना शून्य दिलं गेलं. राइड चांगल्या होत्या. सदरवाल्याचा डावा हात चार महिन्यांपासून काम करत नाही आणि ते त्याला आज कळलं. आठ हातांच्या चक्रावरची ताडपत्री निघाली तर वाचकांनी जाऊन बसावं, ही हात जोडून विनंती. शेवटी, 'बैरंग'बद्दल इतकंच सांगता येतं की माझी पत्नी राइडवरून उतरली त्याला पाऊण तास झाला, आणि ती अजून दोन वाक्यांपलीकडे बोललेली नाही. हे आमच्या घरात पूर्वी घडलेलं नाही.

पाचला पाच कमी असताना त्यांनी फोनवर सगळं वाचून दाखवलं.

"काका," संपादकबाई म्हणाल्या, "हे छापलं तर सदर गेलं. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"हाताचं वाक्य काढते. बाकीचं राहू दे. काढू?"

"नको. तसंच राहू दे."

"आणि भोकं? तिथे चौकट असते, आकडा टाकावाच लागतो."

"चौकट टाका. आत काही घालू नका."

फोन खिशात गेला. काका उजव्या हाताने मनगटावरची सुतळी सोडवायला लागले, आणि सुतळी होती उजव्याच मनगटाला. डावा हात मदतीला आला, गाठीवरून घसरला, परत आला, परत घसरला. तिसऱ्यांदा काकूंनी तो बाजूला केला. गाठ त्यांनीच सोडवली. चिठ्ठी त्यांनी फेकली नाही. वरचा पत्ता बरोबर आहे का ते आधी वाचून घेतलं.