आठ मार्कांचा निळा रेडिओ

पाथर्डीच्या स्टँडवर एस.टी.च्या टपावर माझी ट्रंक चढवून अण्णा खाली उतरले, हात झटकले आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. दसरा नुकताच झाला होता. गावातल्या निम्म्या बैलगाड्या ऊसतोडीला निघून गेल्या होत्या, उरलेल्या निघायच्या बेतात होत्या, आणि आमच्या आळीतला मी एकटाच गाडीऐवजी एस.टी.त बसून पुण्याच्या कारखान्यात नोकरीला चाललो होतो. धाकटी बहीण कौसा भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवून मुसमुसत होती. लोक बघतायत, रडू नको, असं मी तिला दरडावलं. बहिणीला निरोप देताना मला सुचलेलं वाक्य हे असलं.

अण्णा म्हणाले, "बबन, शहरात लई वस्तू दिसतील. हातात धरल्याबिगर अन् चालवून बघितल्याबिगर कायबी घिऊ नगंस."

मी मान हलवली. म्हाताऱ्या माणसापुढे हलवतात तशी.

वडील म्हणून सांगत नाही, पण अण्णांसारखी बैलाची पारख आमच्या भागात कुणाला नव्हती. ऊसतोडीला जायचं म्हणजे सहा महिने बैलाच्या खांद्यावर संसार. त्यामुळे बैल घ्यायचा झाला की पाच गावचे लोक अण्णांना बोलवायला यायचे. अण्णा दात बघायचे, कातडी चिमटीत धरायचे, पण तेवढ्यावर कधी हो म्हणायचे नाहीत. जनावर जाकड आणायचं, म्हणजे पटलं तर ठेवायचं नाहीतर परत द्यायचं अशा बोलीवर. मग दोन दिवस आपल्या गाडीला जुंपायचं, आपल्या चढावर चालवायचं. बाजारात सपाटीवर कुठलाही बैल चालतो, असं त्यांचं म्हणणं. लोकही ऐकायचे. ऐकत नव्हतो तो मीच.

पुण्यात मला वाचायचा नाद लागला. कारखान्याच्या वाचनालयात एक इंग्रजी मासिक यायचं. त्यात घड्याळं, पंखे, इस्त्र्या, रेडिओ असल्या वस्तू तपासून त्यांना दहापैकी मार्क दिलेले असायचे. तक्ता बघितला की मला कोण आनंद व्हायचा! मी वही केली. मासिकातले मार्क उतरवून घ्यायचे आणि शेजारी आपले मार्क मांडायचे. हळूहळू मी सगळ्यालाच मार्क द्यायला लागलो. खानावळीला सहा, खोलीतल्या जोडीदाराला चार. एकदा गावाला दोन दिले आणि ते वाचून एकटाच हसलो. सगळ्या जगाची अक्कल माझ्याकडेच गहाण पडल्यासारखा मी तेव्हा वागत होतो.

दुसऱ्या वर्षी कौसाचं लग्न ठरलं. मुलगा रंगनाथ, तोही ऊसतोडीलाच जाणारा, पण स्वतःची गाडी न् बैल असलेला. त्यांचं मागणं एकच होतं, ट्रान्झिस्टर पाहिजे. त्या काळी नवऱ्या मुलाच्या खांद्याला ट्रान्झिस्टर लटकला नाही तर लग्न झाल्यासारखं वाटायचं नाही. अण्णांनी पत्र पाठवून मला बोलावून घेतलं. रेडिओतलं तुला कळतं, तू निवड, असं त्यांनी दुसऱ्याकडून लिहवलं होतं. कौसानं खाली आपल्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ लिहिली होती, की भाऊ, चांगला घे, मला तिथं जन्म काढायचाय.

नगरच्या कापडबाजारालगतच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं दोन रेडिओ काढले. एक निळा, हलका, झकपक. दुसरा चॉकलेटी, लाकडी पेटीचा, विटेसारखा जड. मी वही उघडली. निळ्याला आठ, चॉकलेटीला साडेपाच. वर निळा स्वस्त. दुकानात दोन्ही खणखणीत वाजले. प्रश्नच मिटला होता.

अण्णांनी चॉकलेटी उचलला, हातात तोलला, कानाशी नेला. मग दुकानदाराला म्हणाले, "शेठ, दोनीबी जाकड न्हेतो. आमच्या माळावर वाजवून बघतो. जो तिथं बोलंल तो ठिवतो."

दुकानदार भला माणूस. न्या की, परवा आणून द्या, म्हणाला. लाज वाटली ती मला. गिऱ्हाइकं बघत होती. मी टेरिलिनच्या शर्टात, आणि शेजारी माझा बाप रेडिओला गाडीला जुंपायच्या गोष्टी करतोय.

"अण्णा, हा बैल नाही," मी म्हणालो. "शिकलेल्या माणसांनी मार्क दिलेत. तुम्ही बाहेर बसा."

ते बसले. दुकानाच्या पायरीवर, चपला हातात घेऊन. मी निळा बांधून घेतला. वाचलेल्या पैशात लग्नासाठी स्वतःला आणखी एक शर्ट घेतला. परतीच्या एस.टी.त अण्णा खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांना मार्क कसे काढतात ते समजावून सांगत होतो.

शिकलेल्या माणसांनी मार्क दिले होते ते शहरात बसून, रेडिओ स्टेशनच्या अंगणात. रंगनाथचं गाव आमच्याही पलीकडे, डोंगराच्या कुशीत. तिथं अक्षता पडल्यावर त्याच्या वडिलांनी भर मांडवात निळा पाटावर ठेवला आणि बटण फिरवलं. खरखर. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, एरियलची दांडी लांब केली, रेडिओ आडवा धरला, उभा धरला. नुसती खरखर. मी पुढं होऊन खटपट करायला लागलो तशी माणसं हसायला लागली.

व्याही माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरगीबी आसलीच निवडून दिली का काय?"

मांडव खदखदला. कौसा मुंडावळ्यांआड खाली मान घालून होती. अण्णांनी मला एक शब्द विचारला नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवाळीत मी चॉकलेटी रेडिओ घेतला. कौसासाठी नाही, माझ्यासाठी. आता खरं काय ते कळलं होतं ना! सुट्टीला तो गावी नेला. आमच्या माळावर तो इतका स्पष्ट बोलला की बाया धुणं टाकून ऐकायला आल्या. अण्णा जवळ आले. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी पेटीवरून हात फिरवला आणि आत निघून गेले.

पुण्याला परतताना वाट वाकडी करून कौसाला भेटायला गेलो. श्रीरामपूरकडच्या एका कारखान्यावर त्यांची टोळी होती. उसाच्या पाचटाच्या कोप्यांची, म्हणजे झोपड्यांची रांग, पुढं बैल बांधलेले, चुली पेटलेल्या. दिवस मावळायला आला होता. कोपीसमोर रंगनाथदाजी आणि चार गडी जेवत बसले होते आणि गाणी चालली होती. निळा वाजत होता! मी खूश झालो. म्हटलं, चला, सपाटीवर तरी मार्क खरे ठरले.

मग कौसा दिसली. ती गाडीच्या जुवाजवळ उभी होती, निळा खांद्याशी उचलून धरलेला, दुसरा हात दांडीवर. दांडीला तिचा हात असेतोवर आवाज. हात काढला की खरखर. पहाटेपासून ऊस तोडून, मोळ्या वाहून आलेली बाई, पोटुशी, आणि गड्यांचं जेवण होईपर्यंत रोज अशी उभी. मला बघून ती हसली, पण जागची हलली नाही.

"हाललं की आवाज जातो, भाऊ," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ गेलो तेवढ्यात गाणं फाटलं. दाजी घास हातात ठेवून ओरडले, "तशीच थांब! हालू नगंस!" मग माझ्याकडे बघून समजुतीनं म्हणाले, "पाव्हनं, तुमी निवडून दिलाय. आमी भागवून घेतो."

ती उभी राहिली. मी तिच्यासमोर उभा राहून गावाकडचं काहीबाही सांगत राहिलो. तिच्या दंडावर पाचटानं कापलेल्या रेघा होत्या. माझ्या खांद्याला पिशवी होती, आणि पिशवीत चॉकलेटी.

तिनं विचारलं, "पिशवीत काय हाय रं?"

"कपडे," मी म्हणालो.

रेडिओचा चामड्याचा पट्टा पिशवीच्या तोंडातून वीतभर बाहेर लोंबत होता. तिनं तो बघितला. मी बघितलं की तिनं बघितला. नंतर मी मनाशी बरीच कारणं जुळवली. आज रेडिओ दिला तर उद्या दाजी सायकल मागतील, लाडावतील, वगैरे. सगळी खोटी. रेडिओ द्यायला माझ्या जिवावर आलं, एवढंच खरं.

"नीट जा," ती म्हणाली. पोचवायला आली नाही. येणार कशी, गाणी चालू होती.

पुढं दुष्काळ पडला. अण्णांनी आपले बैल विकून टाकले ते कुणाला दात न दाखवता, आणि पुन्हा कधी कुणाच्या बैलाला हात लावला नाही. कौसा राखीला येत नाही. कामं असतात, असं कळवते. निळ्याची दांडी मोडली, तिथं दाजींनी तार बांधली आहे, असं गावाकडून आलेल्यानं सांगितलं. तारेला कोण धरतं, ते मी विचारलं नाही.

आणि पुण्यात टीव्ही आला. मी पुन्हा वही काढली. कारखान्यातल्या लोकांना विचारून, मासिकं चाळून, चार कंपन्यांचे टीव्ही मार्क मांडून जोखले. चित्राला किती, आवाजाला किती, काच कशी. सगळ्यांत स्वस्तातला, पण मार्क बरे असलेला एक हप्त्यांवर घेतला. जाकड मिळतो का, हे तोंडाशी आलं होतं. विचारलं नाही. एवढ्या मोठ्या दुकानात लाज वाटली.

पहिल्या संध्याकाळी शेजारीपाजारी आमच्या खोलीत दाटीवाटीनं बसले. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी बायकोला, शालनला, गच्चीवर एरियल फिरवायला पाठवलं. ती केडगावची, कामाला वाघीण. वरून तिचा आवाज यायचा, आलं का? मी खालून सांगायचो, नाही. अजून थोडं. अजून. एका क्षणी मुंग्या पळाल्या आणि बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा लख्ख उमटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी खिडकीतून ओरडलो, "तशीच थांब! हलू नकोस!"

शब्द तोंडातून गेले आणि माझे मलाच ऐकू आले. गाव सुटलं, असं आपण पुण्या-मुंबईची माणसं एकमेकांना सांगतो. तुम्ही मागे राहिलेलेही तसंच समजता, म्हणून आमच्यावर रुसता. माझं काहीएक सुटलेलं नाही. मला आता घर म्हटलं की आमचा माळ आठवत नाही, ती कोपी आठवते. कुणीतरी बाई उभी, आणि आम्ही बसलेले. मी मांडवातला व्याही आहे, दाजी आहे, फक्त माझा शर्ट टेरिलिनचा आहे.

वर वारा सुटला होता. शालननं विचारलं, पाइप सोडू का, हात भरून आले. चित्र फार स्वच्छ दिसत होतं. मी तिला म्हणालो, थांब जरा, आणि बातम्या संपेपर्यंत खाली बोलावलं नाही.