बारा डोळे दाराकडे

त्याला सगळे डोळेवालाच म्हणत. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा गेला, त्यांना तो खोटा डोळा करून द्यायचा, आणि तोही इतका हुबेहूब की नव्या नवरीलाही महिनाभर कळू नये, नवऱ्याचा खरा डोळा कोणता. खोबणीचा साचा घ्यायचा, पांढरी वाटी घडवायची, खिडकीच्या उजेडात बुबुळ रंगवायचं, शिरा म्हणून लाल रेशमाचे केसाहून बारीक तंतू चिकटवायचे आणि शेवटी चाकावर घासून चकाकी आणायची. बायको म्हणायची, "यांच्या नजरेत भरायचं तर माणसाचा एक डोळा तरी जायला हवा." लोक हसायचे. तोही हसायचा. पण मुलगी तिथे असली की काहीतरी निमित्त काढून उठायचा.

मुलगी नऊ वर्षांची असताना त्याच चाकावरून उडालेली कपची तिच्या डाव्या डोळ्यात शिरली होती. घरी, शेजारी, दवाखान्यात एकच हकिकत सांगितली गेली: खोलीचं दार बंद होतं, आत यायचं नाही म्हणून बजावलं होतं, पोरीने ऐकलं नाही. त्या धक्क्यात मुलीला आधीचं काही आठवेना, आणि तिनेही तेच खरं मानलं. भूल उतरल्यावर ती पहिलं बोलली ते, "बाबा, चुकलं माझं." त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तोंडातून ब्र काढला नाही.

त्याच आठवड्यात त्याला लाल रंग दिसेनासा झाला. रक्त, टोमॅटो, पत्रपेटी, सगळं राखेच्या रंगाचं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. घरी त्याने पत्ता लागू दिला नाही. रेशमाच्या रिळांवर चाकूने खुणा केल्या, ट्यूबवरची नावं वाचून रंग घेतले आणि चौदा वर्षं निभावून नेलं. मुलगी मोठी झाली, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरीला लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहू लागली.

बायको देवाचं करणारी. ती येशूपाशी रोज मुलीसाठी आणि नवऱ्यासाठी काहीतरी मागायची. नवऱ्याचं नेमकं काय बिघडलंय हे तिला माहीत नव्हतं. तो मात्र प्रार्थनेला कधी गेला नाही. "मला काम आहे," एवढंच म्हणायचा.

त्या दिवशी भर दुपारी बायको प्रार्थनेला गेली होती. कापसाच्या ट्रेमध्ये बारा डोळे तयार होते, सगळे छताकडे तोंड करून. तो मोरीत कुंचला धुऊन परत आला आणि दारातच थबकला. बाराच्या बारा डोळे दाराकडे वळले होते.

गाडी गेली असेल, टेबल हललं असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. एकेक डोळा उचलून सरळ केला. बाराव्यावरून हात काढला, तेव्हा पहिला पुन्हा दाराकडे वळलेला होता. बाहेरच्या रस्त्यावरचा आवाज कोणीतरी गिळून टाकल्यासारखा थांबला. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, पण टिकटिक ऐकू येत नव्हती.

दार उघडलं. एक माणूस आत आला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. अंगात कष्टकऱ्याचे कपडे, बाह्या मनगटाच्या खालपर्यंत. दोन्ही डोळे शाबूत.

"डोळा कोणासाठी करायचाय?" डोळेवाल्याने विचारलं.

"आधी माझा नीट बघ," तो माणूस म्हणाला.

सवयीने डोळेवाल्याने भिंग घेतलं आणि वाकला. गिऱ्हाइकाच्या बुबुळात नेहमी दिसायची ती खिडकी आणि त्याचं स्वतःचं इवलंसं तोंड. इथे खिडकी दिसली, चाक दिसलं, आणि चाकापाशी दोन वेण्या घातलेली नऊ वर्षांची मुलगी उभी दिसली. तिचे दोन्ही डोळे धड होते. चाक फिरत होतं. त्याला बाजूला व्हायचं होतं, पण मान हलेना.

"दार बंद होतं?" त्या माणसाने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"नाही."

"मग?"

"मीच हाक मारली. चकाकी कशी येते ते बघ म्हटलं. चाकावरची कपच्या अडवणारी जाळी आदल्या दिवशी मीच काढून ठेवली होती, हात अडतो म्हणून." चौदा वर्षांत हे शब्द त्याने स्वतःशीही उच्चारले नव्हते. तो जमिनीवर बसला.

त्या माणसाने दोन्ही तळवे त्याच्या डोळ्यांवर ठेवले. ते पहाटेच्या दगडासारखे गार होते. हळूहळू ते उबदार झाले. हात बाजूला झाले तेव्हा बाही मागे सरली होती. मनगटात आरपार जखम होती, आणि ती लाल होती. ओली, जिवंत लाल. डोळेवाल्याच्या तोंडून किंकाळी फुटली. हा कोण, हे त्याला विचारावं लागलं नाही.

"तिला सांग," येशू म्हणाला.

रस्त्याचा गोंगाट एकदम आत घुसला. खुर्ची रिकामी होती. त्याच क्षणी त्याच दारातून बायको आत आली. तिला वाटेत कोणीही भेटलं नव्हतं.

"अहो, काय झालं? असे खाली का बसलात?"

त्याने सगळं सांगितलं. हाक, जाळी, खोटं, लाल रंग, आणि तो पाहुणा. इतकी वर्षं येशूला रोज हाक मारणारी ती बाई, पण तो खरंच येऊन गेला म्हटल्यावर तिचेच हातपाय गार पडले. तिने ट्रेकडे बोट दाखवलं. बारा डोळे आता डोळेवाल्याकडे बघत होते आणि सगळे ओले होते.

"पुसू का?" त्याने विचारलं.

"हात लावू नका," ती पुटपुटली. मग म्हणाली, "पोरीकडे जा. मला काय बोलायचं ते मी नंतर बोलेन."

तो संध्याकाळीच गेला. मुलगी कचेरीतून नुकती आली होती, पायात चप्पल तशीच. त्याने उभ्याउभ्या सांगितलं, एक शब्दही मऊ न करता.

"बंद दार दिसलं की मी हात मागे घेते, बाबा," ती म्हणाली. "कचेरीत दप्तरखोलीचं दार लोटलेलं असलं तरी शिपायाला सांगते उघडायला. आजवर वाटायचं, चूक माझीच होती." मग म्हणाली, "तुम्ही जा आता."

तो गेला. बायको आठ दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली. तीन महिने मुलीचा फोन नाही. तो प्रार्थनेला जाऊ लागला, शेवटच्या बाकावर बसायचा. ज्यांचा डोळा नुकताच गेला आहे अशांपाशी दवाखान्यात जाऊन बसायचा. कोणी विचारलंच तर आपल्या मुलीचा डोळा आपल्यामुळे गेला, हे सरळ सांगायचा. काहीजण तोंड फिरवायचे. एका म्हातारीने मात्र त्याचा हात धरून ठेवला आणि डोळा गेल्यापासून पहिल्यांदा आरशात बघितलं.

मग एका सकाळी मुलगी आली.

"काल दप्तरखोलीच्या आतून कोणीतरी दार वाजवलं," ती म्हणाली. "तीनदा. शिपाई रजेवर होता. मी उघडलं. आत कोणी नव्हतं, नुसते गठ्ठे. पण तिथे इतकं शांत होतं, बाबा, घड्याळाचाही आवाज नाही. मी आत जाऊन उभी राहिले. रडले. भीती वाटलीच नाही."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"तुम्हाला माफ केलंय असं नाही म्हणत मी," ती म्हणाली. "पण कसा होता तो, ते सांगा. सगळं सांगा."

आईने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. तो सांगू लागला, आणि मध्येच थांबून त्याने उठून खोलीचं दार सताड उघडं केलं.