सुई न देणारा दवाखाना

पोरगी माझी पहिली, जेमतेम दीड महिन्याची. डोळखांबच्या पलीकडे आमचा पाडा, आणि पौषातली तिथली थंडी म्हणजे विचारूच नका. आधी पोरीचं नाक गळायला लागलं, मग खोकला, आणि मग श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला. सासूने ओव्याची धुरी सुरू केली. धुराने माझाच जीव घुसमटला, तान्हीचं काय झालं असेल! मी शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन आपटली. सासूशी माझं एवढं कधी वाजलं नव्हतं. पण त्या भांडणापायीच आम्ही शहापूरला दवाखान्यात पोचलो.

तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिने छाती ऐकली, पोरीच्या नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकले, शेंबूड ओढून काढला आणि ऑक्सिजनची बारीक नळी नाकाशी चिकटवली. पोरीला अंगावर ओढवत नव्हतं, म्हणून दूध वाटीत पिळून चमच्याने थोडं थोडं पाजायला लावलं.

"छातीतल्या बारीक नळ्या सर्दीने सुजल्यात," ती म्हणाली. "याला इंजेक्शनचा उपयोग नाही. आज-उद्या त्रास वाढेल, मग आपोआप उतरेल. तोवर ऑक्सिजन आणि दूध. मी बघत राहीन."

आणि बघायची हो! सारखी यायची, पोरीचं पोट उघडं करून श्वास मोजायची. संध्याकाळी पोरगी अंगावर प्यायली. दोन-चार घोटच, पण प्यायली. मला इतका आनंद झाला की शेजारच्या खाटेवरच्या बाईला मी झोपेतून उठवून सांगितलं.

सासूला मात्र चैन नव्हतं. शेजारच्या पोराला सलाईन लागलेलं, आणि आमच्या पोरीला नुसतं मिठाचं पाणी. "सुई नाय, बाटली नाय, मग हितं ठेवली कशाला?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. आमचे हे तिच्या बोलण्यावर मान डोलवायचे.

दुसऱ्या दिवशी चुलत सासरे जीप घेऊन आले. म्हशाच्या जत्रेला बैल बघायला निघाले होते, वाटेत नातीला बघून जाऊ म्हणून थांबले. पोरीची धाप तेव्हा आदल्या दिवसापेक्षा जास्त होती, डॉक्टरीण म्हणाली होती तशीच.

"हा काय इलाज झाला?" सासरे म्हणाले. "मुरबाडच्या अलीकडं एक डॉक्टर हाय, पावरची सुई मारतो. जीप तिकडंच चाललीय."

झालं! वेगळी गाडी करायला नको, सगळ्यांना पटलं. डॉक्टरणीने अक्षरशः हात जोडले. "ऑक्सिजन काढलात तर ती दमेल," ती म्हणाली, "आणि दमली तर श्वास घ्यायची थांबेल." मी खाटेची दांडी धरून बसले. "नाय नेऊ देणार!" म्हणून ओरडले. यांनी माझी बोटं सोडवली. "पोर मरू द्यायचीय काय तुला?" असं मला म्हणाले. मला! आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

जत्रेमुळे रस्ताभर गुरं आणि बैलगाड्या. जीप पुढे सरकेना. पुढे बसलेले बैलाच्या दातांवर बोलत होते. मांडीवर पोरगी कण्हत होती, मग कण्हायचीही थांबली. मी पदराने तिचं नाक पुसत होते, हाका मारत होते. ओठ निळे पडत चालले होते.

"मागं फिरवा," मी म्हटलं.

"आता आलंच की," सासू म्हणाली.

डॉक्टरकडे माणसांची रीघ. सासऱ्यांनी ओळख सांगून आम्हाला आत घुसवलं. त्याने पोरीच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. सुई भरली आणि मांडीत टोचली. पोरगी रडली नाही.

सासूने मोठा सुस्कारा सोडला. "बघ गो," ती मला म्हणाली, "कसा लगेच आराम पडला."