वर उचललेला पाय

उत्तनच्या त्या माणसाचा मला अजून राग येतो. कॅसेटचे दिवस होते. दोन टेपडेक आणि भाड्याचे स्पीकर घेऊन मी भाईंदरहून पहिल्यांदाच एका हळदीला डीजे म्हणून गेलो होतो. हा बरोबर माझ्या स्पीकरसमोर खुर्ची टाकून बसलेला. गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, आणि या हळदीला बँड नको म्हणून मला बोलावलं होतं, हे आल्याआल्याच कुणीतरी माझ्या कानावर घातलं होतं. माझ्या गाण्यांवर त्याची तीन बोटं मांडीवर ट्रम्पेटची बटणं दाबल्यासारखी हलत होती.

नवरदेवाची आजी नाचायला उठली. मी खाली मान घालून पुढची कॅसेट जुळवत होतो. जुळली तशी चालू गाणं मध्येच तोडून ती लावली. आजी अडखळली आणि पडता पडता वाचली.

तो ताडकन माझ्या टेबलापाशी आला. "आरं, म्हातारीचा पाय वर हाय! तो खाली तरी येऊ देशील का न्हाय?"

सगळ्यांदेखत! माझं डोकंच फिरलं. "बँडचे दिवस गेले, काका!" मी ओरडलो. लोक हसले. त्याने आजीला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि न जेवता निघून गेला.

तेव्हापासून गाणं बदलण्याआधी मी नाचणाऱ्यांचे पाय बघतो. कुणाकडून शिकलास, असं लोक कौतुकाने विचारतात. "कुणाकडून नाही," मी ठणकावून सांगतो. आणि वर राग मला त्याचा येतो!