उलटा हात

कशालाही हात लावायचा तर मामा उलटा हात लावत. दुधाच्या पातेल्याला, तापलेल्या कपाळाला, गच्चीच्या फरशीलासुद्धा. तळहाताला सगळं सोसतं, मागचा हात खरं सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

दक्षिणेत, अड्यारला मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो; खाली ते आणि मामी. मामा तंजावरकडचे मराठी, बोलण्यात तमिळ लकबी. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर बरण्यांतले साप-सरडे सांभाळले. मेलेल्यांची चाकरी केली, म्हणायचे, आणि हसायचे नाहीत.

माझा ऑफिसातला मित्र सहा महिन्यांसाठी परदेशी गेला, आणि जाताना त्याचा बिअर्डेड ड्रॅगन माझ्याकडे सोपवून गेला. काचेच्या पेटीत राहणारा, काटेरी दाढीचा हातभर सरडा. पंधरवड्यात त्याने मान टाकली. झुरळ नाकासमोरून गेलं तरी ढिम्म. जवळच्या डॉक्टरने आपण फक्त कुत्री-मांजरं बघतो असं सांगून हात झटकले. मित्राची लहान मुलगी दर रविवारी फोनवर त्याची खुशाली विचारी, आणि मी बेधडक खोटं बोले. तो मेला तर तिला काय सांगायचं, या विचाराने माझाही घास उतरेना.

शेवटी मामांना वर बोलावलं. त्यांनी पेटीत उलटा हात घातला आणि सरड्याच्या पोटाला लावला.

"एसी कोणासाठी रे?"

"त्याच्यासाठीच, मामा. किती उकडतं इथे."

मित्राने दिलेला उबेचा दिवाही मी त्याच कनवाळूपणाने बंद ठेवला होता. नाशिकहून आलेल्या माझ्यासारख्याला जे सोसत नाही, ते या मुक्या जिवाला कसं सोसेल? मामा रागावले नाहीत, हे मला जास्त लागलं.

"गार पोटात अन्न जिरत नाही पा. आधी ऊब, मागून घास."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते सरड्याला पंच्यात घेऊन गच्चीवर जात. अर्धं ऊन, अर्धी सावली अशी जागा बघत. फरशी उलट्या हाताने तपासत, मगच त्याला ठेवत. खायला मुळीच घालत नसत. तो मरेल, म्हणून मी काकुळतीला आलो, तरी तेच उत्तर. आधी ऊब.

नवव्या दिवशी सरड्याने मान उचलली. मामांच्या हातातलं भोपळ्याचं फूल त्याने ओढून घेतलं. हा शाकाहारी म्हातारा नंतर त्याच्यासाठी बागेत नाकतोडे धरायचा. मला तो माणूस तेव्हा फार आवडला, पण तसं बोललो नाही.

मित्र परतायच्या आधीच मामा झोपेत गेले. मुलगा बंगळूरहून यायचा होता, म्हणून इकडच्या रीतीप्रमाणे त्यांना काचेच्या झाकणाच्या शीतपेटीत ठेवलं. पेटी घुरघुरत होती. मी नमस्कार करायला वाकलो आणि हात आपोआप उलटा होऊन काचेला टेकला. काच बर्फासारखी गार होती. एवढ्या गारठ्यात मामा, आणि मला काहीही करता येत नव्हतं. मी तिथेच रडलो.

मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"ऊन आलं की रे. तेला गच्चीवर घेऊन जा. मामा विचारतील."

मी पंचा शोधायला उठलो.