अंड्यावरच्या वळ्या

आमच्या प्रयोगशाळेत डास वाढवायचं काम सुमनताईंकडे असतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी हिवतापाने गेली. काल दोन जातींच्या संकरातून जन्मलेल्या मादीची अंडी मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कवचावरच्या वळ्या तिच्या आईच्या जातीतल्या अंड्यांपेक्षा कमी आणि बापाच्या जातीतल्या अंड्यांपेक्षा जास्त होत्या.

"बघा ताई, दोन्हीकडचं घेतलंय हिने."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पोरीचंही तसंच होतं. कपाळ ह्यांचं, हनुवटी माझी."

एवढ्याशा जिवाचाही वारसा पुढे चालला होता आणि या बाईंचा त्यांच्यापाशीच संपला होता. त्यांनी डोळे पुसले आणि सुकून मरू नयेत म्हणून ती अंडी परत पाण्यात सोडली.